नव्या इंजिनाला जुना करंट

आमच्या घरात रेल्वे आहे असं सांगितलं की नवा माणूस आधी माझ्याकडे नीट बघतो. मग मी त्याला मागच्या खोलीत नेते. तिथे प्लायवूडच्या फळीवर रूळ आहेत, दोन वळणं आहेत, एक फलाट आहे आणि कोपऱ्यात गाडी चालवायचा, बटणाचा एक काळा डबा आहे. हा सगळा पसारा माझ्या नवऱ्याचा. पोराला खेळायला आणलंय असं ते सांगायचे. पोरगा कॉलेजला गेला तरी पसारा वाढतच होता, आणि मी काही आंधळी नव्हते.

यांचं लहानपण घाटनांदूरचं, घर स्टेशनाला लागून. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला मालगाडीचं इंजिन तिथे बराच वेळ उभं राहायचं, नुसतं धडधडत. "फडताळातली भांडी वाजायची," हे सांगायचे, "आन् आमाला लई गाढ झोप लागायची." पुढे नोकरी लागली बीडला, कापसाच्या जिनिंगमधल्या मोटारींच्या देखभालीची. तेव्हा बीडला गाडी येत नव्हती. "रेल्वे न्हाई त्या गावात मी कशाला आलो," हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले. बीड माझं माहेर, त्यामुळे टोमणा कुणाला होता ते दोघांनाही कळायचं.

आजारी पडल्यावर यांनी जर्मनीतल्या मुलाकडे एकच गोष्ट मागितली. उभं राहून धडधडणारं इंजिन. मुलाने मागवलं, पण ते त्याच्या हाती पडायच्या आधीच हे गेले. वर्षश्राद्धाला आला तेव्हा तो ते घेऊन आला. हातात धरलं तर चांगलंच जड होतं.

"हे डिजिटल आहे, आई," तो म्हणाला. "याच्या पोटात चिप आहे. हुकूम द्यायला वेगळा कंट्रोलर लागतो. मी पाठवून देतो, तो जुना डबा आता काढून टाक."

मी म्हटलं, डबा कुठेही जाणार नाही.

तो डबा म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरचा थोरला भाऊ. बटण फिरवलं की रुळांत करंट वाढतो आणि गाडी पळते, कमी केलं की थांबते. त्यात डोकं नाही. यांचा अंगठा इतकी वर्षं त्या बटणावर होता की तिथली खरखर गेली आहे. मी तिथे अंगठा ठेवते तेव्हा मला बरं वाटतं, एवढंच. हे मुलाला कसं सांगणार? शेवटी तोच म्हणाला की इंजिन साध्या करंटवरही चालेल, फक्त हवी तशी मजा येणार नाही. आणि सुट्टी संपली म्हणून गेला.

तो गेल्यावर मी इंजिन रुळांवर ठेवलं आणि बटण फिरवलं. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही. आता बीडमध्ये जन्म काढलेल्या बाईच्या मनात पहिल्यांदा काय येणार? व्होल्टेज. मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. शेजारच्यांची बोअरची मोटार थांबायची वाट बघितली. सकाळी लवकर, सगळी आळी झोपलेली असताना पुन्हा फिरवून पाहिलं. इंजिन ढिम्म. माझा जीव थोडा थोडा झाला. एवढं एकच मागितलं होतं त्या माणसाने, आणि तेही बंद निघावं.

मुलाला फोनवर म्हटलं, "मेलं तुझं इंजिन."

"बटण कुठपर्यंत नेलंस?"

"रेघेपर्यंत."

तो हसायला लागला. ती रेघ त्यालाही पाठ होती. माझ्याच लाल नेलपॉलिशने यांनी ती डब्यावर ओढली होती, कारण त्यापुढे नेलं की जुनं हलकं इंजिन वळणावर उडून फरशीवर पडायचं. आम्हा मायलेकांपैकी कुणाचाही हात तिकडे सरकला की हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "रेघेच्या फुडं न्हाई न्यायचं बे." बायकोलासुद्धा बे. मी वर्षानुवर्षं रागावले, पण रेघ पाळली.

"आई, चिप जागी व्हायलाच बराच करंट खाते," मुलगा म्हणाला. "उरेल त्यावर इंजिन पळतं. रेघेपुढे ने."

मी हो म्हटलं आणि नेलं नाही. पुढचे काही दिवस मी त्या खोलीत झाडू मारायला जायचे आणि तशीच बाहेर यायचे. आता बीडला खरी रेल्वे आलीय, गावभरचे लोक ती बघायला, तिच्यात बसायला जातात. मला कुणी कुणी बोलावलं, मी गेले नाही. मला हे इंजिन हवं होतं.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर गेले आणि बटण रेघेवर नेलं. थोडं थांबले. मग पुढे सरकवलं, केसभर.

आधी दिवा लागला. मग फलाटापाशी उभं राहून इंजिन धडधडायला लागलं. चाक हललं नाही, आवाज मात्र आला, खालून, फळीतून, माझ्या मनगटात. त्या बटणावर एवढीशी जागा आहे जिथे चिप जागी असते आणि चाकांना पुरेल इतका करंट नसतो. अंगठा तिथे धरून मी उभी राहिले. यांना हेच ऐकायचं होतं. मला फार वाटलं की ते इथे असावेत, खुर्चीत बसलेले, डोळे मिटून. खूप वेळाने हात अवघडला तेव्हा मी बटण आणखी पुढे नेलं. गाडी निघाली, वळणावर गेली. मी मान वळवून बाहेरच्या खोलीकडे कान दिला.

कुणी ओरडलं नाही.