गुडघ्यावरची टोपी

आमचा कोच मला कधीच 'मार' म्हणाला नाही. तो डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा, एवढंच. मग मी ओळखायची, की समोरच्या टीममधली जी कुणी आमच्या फॉरवर्डच्या घोट्यांवर स्टिक घालतेय, तिला आता समज द्यायची आहे.

मी एका सरकारी खात्याच्या महिला हॉकी टीममध्ये फुलबॅक होते. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी. आमची फॉरवर्ड कोडगूकडची, अंगानं चिमणीएवढी, पण बॉल घेऊन निघाली की कुणाच्या बापाला सापडायची नाही. जी सापडत नाही तिला लोक पायात मारतात. अंपायरला दिसलं तर ठीक, नाही दिसलं तर मी होते. खांद्याचा एक धक्का, नाहीतर स्टिकचा एक नेमका फटका, आणि पिवळं कार्ड घेऊन मैदानाबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. त्या खुर्चीवर मी जेवढी बसले तेवढी ऑफिसातल्या खुर्चीवर बसले नसेन. लोक म्हणायचे, हिला खेळता कुठं येतं, नुसती दांडगाई. मला खेळता येत होतं. पण तसं खेळणाऱ्या टीममध्ये दहाजणी होत्या. मार खाऊन मार देणारी मी एकटीच होते, आणि मला त्याची लाज कधी वाटली नाही.

सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरात मात्र हे कुणाला रुचत नव्हतं. अप्पा शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांचे वडील कापड रंगवायचे, छापायचे. दसऱ्यातल्या आयुधपूजेला आमच्याकडे पाट मांडतात. त्यावर आधी आजोबांचे लाकडी ठसे, मग अम्माची विळी, शिवणाची कात्री, अप्पांचं पेन. बाहेर स्कूटरच्या चाकाखाली लिंबू. आजोबांनी घालून दिलेला नियम असा, की ज्यानं घरात अन्न येतं ते पाटावर. नोकरी लागली त्या वर्षी मी स्टिक पुसूनबिसून ठशांशेजारी ठेवली. अप्पांनी ती उचलून दाराआड उभी केली.

"ही बेडा," ते म्हणाले. "पाटावर नको. दुसऱ्याच्या पोरीला मारायची वस्तू आहे ही."

"हिच्यावरच पगार येतो, अप्पा. आजचा भातही हिचाच आहे."

"येऊ दे की. सुम्ने, गप बस आता, आरती व्हायचीय."

पुढं दर दसऱ्याला मी ठेवायची आणि दर दसऱ्याला ते उचलायचे. हट्टाला तेही कमी नाहीत, आणि मी त्यांचीच मुलगी.

मग बेंगळूरची ती फायनल आली. त्यांच्या हाफबॅकनं आमच्या फॉरवर्डच्या एकाच घोट्यावर तीनदा स्टिक घातली. तिसऱ्या वेळी पोरगी उठेना. मी बेंचकडं पाहिलं. टोपी गुडघ्यावर होती. पुढच्या बॉलला मी त्या हाफबॅकला गाठलं. फटका तिच्या हातावर बसला आणि तिची दोन बोटं मोडली. मला लाल कार्ड मिळालं, पेपरात फोटो आला, आणि आठवड्याभरात खात्याची नोटीस हातात पडली.

कोचनं फोन केला. "दोन ओळी लिहून दे. रागाच्या भरात झालं, माफ करा, म्हण. टीममधली जागा राहील तुझी. नाहीतर मला काही करता यायचं नाही."

आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, सगळ्यांचे अर्ज अप्पा लिहून देतात. माझाही त्यांनी छान कन्नडात लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. 'क्षणिक रागाच्या भरात' अशा अर्थाची ओळ आली, तिथं मी त्यांना थांबवलं.

"राग कुठला, अप्पा? मला राग आलाच नव्हता. मी रागानं कधीच कुणाला मारलं नाही."

"मग कशाला मारलीस गं?"

तेव्हा मी त्यांना टोपीचं सांगितलं. इतकी वर्षं घरात सांगितलं नव्हतं. ऐकून ते पेनाचं टोपण लावत बसले.

त्या हाफबॅकला मी आधीच फोन केला होता. बोटांचं वाईट वाटतंय, असं तिला म्हटलं, आणि ते खरंच वाटत होतं. ती म्हणाली, "अक्का, सोडा हो. आमचे सर रुमाल झटकतात." आम्ही दोघी हसलो. एकीची बोटं मोडली होती, एकीची जागा जाणार होती, आणि टोपीवाला आणि रुमालवाला पुढच्या सीझनच्या तयारीला लागले होते.

मी दुसरं पत्र लिहिलं. मारलं, ते रागानं नव्हे. कोच टोपी काढून सांगायचे आणि मी मारायची. याच कामासाठी मला टीममध्ये ठेवलं होतं आणि ते मी नीट केलं. चूक असेल तर ठेवणाऱ्यांनाही विचारावं. अप्पांनी वाचलं, एका जागी स्वल्पविराम घातला आणि सही करायला पेन माझ्या हातात दिलं.

टीममधून काढलंच. नोकरी राहिली, पण आवक-जावकच्या टेबलावर. कोचला कुणी काही विचारलं नाही. फॉरवर्ड अजून खेळते, घोट्याला पट्ट्या बांधून.

त्या दसऱ्याला मी स्टिक बाहेर काढलीच नाही. अंघोळ करून आले तर ती पाटावर होती, ठशांना लागून. अप्पा खाली बसून गंध उगाळत होते. मला त्यांची दया नको होती.

"उचला ती," मी म्हटलं. "आता तिच्यावर काही या घरात अन्न येत नाही."

"आजोबांच्या ठशांवर तरी कुठं येतंय?" मान वर न करता ते म्हणाले, आणि स्टिकच्या वाकड्या टोकाला चीर पडली होती, बरोबर तिथं त्यांनी कुंकू लावलं.