मॉक काकू

काकूंच्या घरात नम्रपणाला बंदी होती. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधले मराठी तरुण डॉक्टर त्यांना ‘मॉक काकू’ म्हणत, कारण रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या, मुलाखतींआधी सगळ्यांची रंगीत तालीम त्याच घेत. स्वतः डॉक्टर नव्हत्या. तेल कंपनीच्या एचआरमधून रिटायर झालेल्या. खोटं हसू त्यांना लांबून ओळखू येई. लेकीची तयारी करून घेताना हा उद्योग सुरू झाला. लेक रेसिडेन्सी मिळून सिअ‍ॅटलला गेली ती तिथलीच झाली, पुढे काकाही वारले, पण तालमी थांबल्या नाहीत.

मी नागपूरहून डॉक्टर होऊन आलेली. नवरा, नीरज, अटलांटाजवळ अल्फारेटाला. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे तो हलू शकत नव्हता. मला अनुभवासाठी जागा मिळाली ती मात्र ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात. काकू नीरजच्या मित्राच्या काकू. “चार दिवस राहा, मग बघू,” म्हणाल्या, आणि मी वर्षभर राहिले. लग्नानंतर आम्ही दोघं सलग एका घरात राहिलोच नव्हतो. अटलांटात रेसिडेन्सी मिळाली तर संसार सुरू होणार होता. नाहीतर रेसिडेन्सीची तीन वर्षंही फोनवर.

मुलाखती ऑनलाइन, म्हणून तालीमही ऑनलाइन. वरच्या खोलीत मी, खाली डायनिंग टेबलाशी त्या, घरातल्या गाऊनवर ब्लेझर चढवून. मध्येच कुकरची शिट्टी झाली तरी चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मी एकदा सांगत होते, डेंग्यूच्या साथीत आम्ही वॉर्ड कसा सांभाळला. त्यांनी तिथेच थांबवलं. “आम्ही म्हणजे कोण गं? अख्खं नागपूर? तू काय केलंस ते सांग.” स्वतःबद्दल चांगलं बोलायचं नसतं, हे आपल्याकडे लहानपणापासून इतकं मुरवतात की ‘मी’ म्हणताना माझी जीभ अडखळायची. काकूंनी तो ‘मी’ माझ्याकडून घासून घेतला. हॉस्पिटलला सोडतानासुद्धा सिग्नलला प्रश्न टाकायच्या, आणि माझं उत्तर संपेपर्यंत मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत बसायचे. उत्तर फारच चांगलं झालं तर म्हणत, “ठीक.” त्याच्यावर त्यांच्याकडे शाबासकी नव्हती.

मग पसंतीक्रम भरायची वेळ आली. आपण हॉस्पिटलं क्रमाने लिहायची, हॉस्पिटलं उमेदवारांना क्रमाने लिहितात, आणि जोडी कॉम्प्युटर लावतो; यालाच ‘मॅच’ म्हणतात. मी ह्यूस्टन वर टाकलं होतं. तिथले लोक मला ओळखत होते; अटलांटाची मुलाखत जेमतेम झाली होती. कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला जे मिळेलसं वाटतं ते आधी लिहायचं, हीच आमची अक्कल.

काकूंनी चष्मा काढला. “तुला राहायचं कुठंय?”

“अटलांटाला. पण चान्स...”

“चान्सचं त्यांना बघू दे. अटलांटा वर लिहून नाही मिळालं, तरी ह्यूस्टन कुठं पळून जात नाही. घाबरून ह्यूस्टन वर लिहिलंस तर ह्यूस्टनच मिळेल. मग बस रडत.”

मी मुकाट्याने क्रम बदलला.

मार्चमधल्या एका सोमवारी कळलं, मी मॅच झाले, म्हणजे कुठेतरी जागा नक्की. कुठे, ते शुक्रवारी कळणार होतं. तो आठवडा दोघींनी कसाबसा काढला. शुक्रवारी ईमेल उघडली तेव्हा काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. अटलांटा! फोनवर नीरज नुसतं “रिअली? यार, रिअली?” करत राहिला. काकू म्हणाल्या, “ठीक,” आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मी फोन ठेवून मागोमाग गेले. गॅस बंद होता, तरी त्या पाठमोऱ्या उभ्या राहून कढईतला शिरा ढवळत होत्या.

“काकू?”

“सोमवारपासून मी देवाकडे ह्यूस्टन मागतेय,” त्या म्हणाल्या. “सल्ला खरा दिला गं. पण मन ऐकेना. घरात कुणीतरी जिन्यावरून धडधडत उतरावं, एवढंच.” मग नाक ओढून म्हणाल्या, “बरं झालं, देवानं ऐकलं नाही.”

मी त्यांना मागून घट्ट मिठी मारली. जे शहर मी रात्रंदिवस मागत होते ते मिळालं होतं, आणि त्या क्षणी मला ते नको झालं होतं.