दूध केंद्र, राखुंडी आणि अकोल्याचे पाहुणे

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या तोंडात राखुंडी होती, अंगात बाबांचा स्वेटर होता आणि मी त्यांना रांगेत उभं राहायला सांगत होते.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. आम्ही अमरावतीला राहत होतो. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. गावात नवीनच दूध केंद्र निघालं होतं आणि तिथं सकाळपुरती एक मुलगी हवी होती. उजाडायच्या आत जायचं, कॅनमधलं दूध मापानं वाटायचं आणि तसंच कॉलेजला पळायचं. माझ्या फीची सोय होत होती, म्हणून बाबा लगेच हो म्हणाले. फक्त एका अडचणीचा त्यांनी विचार केला नव्हता. ती अडचण म्हणजे मी!

झोप हा माझा प्रांत. एकदा शेजारच्या घरी वरात आली, बँड वाजला, घोडं उधळलं, नवरदेव नालीत पडला, आणि दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, "शेजारी लग्न कधी हाय वो?"

बाबांनी हेडमास्तरांकडून गजराचं घड्याळ मागून आणलं. आवाज मोठा व्हावा म्हणून ते पितळी परातीत ठेवलं. पहाटे गजर झाला. अख्खी गल्ली उठली. समोरचे काका काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, चोर आमची भांडी नेऊन राहिले! मी कूस बदलली.

मग आईबाबा दोन बाजूंनी धरून मला उठवून बसवायला लागले. (मी बसून झोपायला शिकले.) तशीच डुलत केंद्रावर जायची. एका बाईच्या डब्यात मी मोठ्या प्रेमानं दूध ओतलं. डब्यावर झाकण होतं. दूध तिच्या लुगड्यावर गेलं आणि तिचा आवाज थेट साहेबांपर्यंत.

केंद्राचे साहेब मागच्याच खोलीत राहायचे. माणूस चांगला, पण वैतागलेला. "इंदू," ते म्हणाले, "आता येक दिवस जरी उशीर झाला ना, तं मी दुसरी पोरगी पाहीन!"

पोरगी पाहायचं नेमकं घरीही निघालं होतं. अकोल्याचे पाहुणे रविवारी संध्याकाळी मला पाहायला येणार होते. मुलगा शाळेत मास्तर, शिवाय 'लग्नानंतर शिकू देईन' म्हणणारा. असं स्थळ बाबांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "पड जरा. डोळे पाह्य कसे झाले, चार दिवसाच्या तापातून उठल्यासारखे! पाहुणे यायच्या आधी उठवतो तुले."

मला 'झोप' म्हणून दोनदा सांगावं लागत नाही. चांगली साडी खुंटीवर ठेवली, थंडी होती म्हणून बाबांचा स्वेटर घातला आणि पडले.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. पाहुण्यांची गाडी लेट झाली. बाबा त्यांना आणायला मोटरस्टँडवर जाऊन बसले आणि तिथं त्यांची चुकामूक झाली. आई आणि गल्लीतच राहणारी माझी आत्या दुकानात रवा आणायला गेल्या. मला उठवायचं काम आईनं आत्याला सांगितलं होतं म्हणे, आणि आत्या म्हणते, तिनं आईला!

मला जाग आली तेव्हा घरात कोणी नव्हतं. खिडकीतून आभाळ तांबडं दिसत होतं. पाखरांचा गलका चाललेला. गल्लीत चुलींचा धूर.  तांबडं फुटलं! केंद्र! नोकरी गेली!

चुलीशेजारची राखुंडी बोटावर घेतली, तोंडात कोंबली, केस तसेच झिंज्या, आणि दार उघडलं. दारात तीन माणसं उभी. एक जाडजूड बाई, हातात पितळेचा डबा. मागे एक म्हातारे गृहस्थ आणि एक उंच तरुण.

"जयभीम," गृहस्थ म्हणाले. "गुरुजीचं घर हेच काय?"

"जअभीम!" मी राखुंडीतून म्हटलं. माझी नजर डब्यावर. म्हणजे केंद्र बंद पाहून गिऱ्हाइकं आता घरापर्यंत आली!

"घरी कायले आले तुमी?" मी करवादले. "घरी नाही भेटत! केंद्रावर रांगेत उभे राहा, आलीच मी!"

"अवो बाई," त्या डबेवाल्या बाई भांबावून म्हणाल्या, "आमी डबा घ्याले नाही, द्याले आलो..."

"परत घेत नाही!" मी ओरडले आणि त्यांच्यामधून वाट काढून पळाले.

गल्लीत सगळे जागे! बायका भाजीच्या पिशव्या घेऊन निघालेल्या, पोरं विटीदांडू खेळताहेत. अख्खं अमरावती माझ्या आधी उठलं होतं. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, "कुठं वो इंदू?"

"केंद्रावर!"

"आत्ता?"

त्यांचं ते 'आत्ता' मला फार लागलं. लोक टोमणे मारायला कमी करत नाहीत!

केंद्राला कुलूप. मागं जाऊन मी साहेबांचं दार बडवलं. साहेब बाहेर आले, हातात भाकरीचा तुकडा.

"साहेब, दुसरी पोरगी पाहू नका! आजच्या दिवस माफी करा! लय उशीर झाला ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, हातातल्या भाकरीकडे पाहिलं. "पोरी," ते हळूच म्हणाले, "दिवस बुडून राहिला. घरी कोणी मोठं माणूस हाय का?"

मी आभाळाकडे नीट पाहिलं. ते उजळायच्या ऐवजी काळं होत होतं. आणि मग एकदम आठवलं: साडी, पाहुणे, अकोला, डबा!

मागून कोणीतरी खाकरलं. तो उंच तरुण होता. त्याच्या आईनं त्याला माझ्यामागे पिटाळलं होतं, 'पोरगी कुठं पडन-झडन, जाय पाहून ये' म्हणून. साहेबांच्या रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन त्यानं माझ्यापुढे धरलं.

"आधी चूळ भरा," तो म्हणाला. आमच्या संसारातलं हे पहिलं वाक्य.

घरी वेगळाच गोंधळ झाला होता. आई नि आत्या परतल्या, तर दारात पाहुणे. "आताच येक राखुंडी लावलेली पोट्टी आमच्या अंगावर ओरडून पळाली," मुलाची आई म्हणाली. आई गळाठली. पण आत्या म्हणजे आत्या! तिनं पटकन सांगून टाकलं, "अवो, ते शेजारची! डोक्यानं बयताड हाय जराशी. आमची इंदू आत साडी नेसून राहिली ना!"

हे सांगून ती कपाळाचा घाम पुसते न पुसते, तोच मी दारात हजर. ओठाला राख, अंगात स्वेटर, आणि मागे खुद्द नवरदेव! तेवढ्यात स्टँडवरून थकून आलेले बाबा पायरीवरूनच म्हणाले, "अगं इंदू, हा कसा अवतार करून आली पाहुण्यायच्या समोर?"

 मुलाच्या आईनं आत्याकडे पाहिलं. "हे तं शेजारची होती ना?"

आत्या भिंतीवरच्या खुंट्या मोजायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्थळ गेलं, बाबांचा चेहरा उतरला, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा तो मुलगा शांतपणे म्हणाला, "शेजारची असन तं शेजारी विचारू, माय. मले हेच पसंत हाय."

आधी त्याचे वडील हसले, मग त्याची आई असं हसली की डबा मांडीवरून घरंगळला आणि झाकण उघडून लाडू बाजेखाली गेले. आत्यानं ते फुंकून फुंकून परत भरले. शिकू देण्याची गोष्ट बाबांनी पुन्हा पक्की करून घेतली. या सगळ्यात अकोल्याची शेवटची गाडी निघून गेली आणि पाहुणे मुक्कामाला राहिले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ऊन अंगणभर पसरलेलं. या वेळी शंकेला जागाच नव्हती. "आई! उठवलं काहून नाही?"

"उठवलं!" आई म्हणाली. "घड्याळ, पाणी, सगळं झालं. पाहुणे उठले, तू नाही उठली. मग जावईच म्हणाले, 'राहू द्या, मी जातो.'"

मी धावत केंद्रावर पोचले. रांग सरत आली होती. अकोल्याचे मास्तर बाह्या सरसावून माप भरत होते. एक थेंब सांडत नव्हता, आणि प्रत्येक डब्याचं झाकण आधी काढत होते. गिऱ्हाईक बाया खूश. बाजूला साहेब कौतुकानं पाहत उभे.

"इंदू, हे कोण वो?"

"आमचे... पाहुणे."

साहेब माझ्या कानाशी आले. "कायमचे इथं राहतीन काय इचार ना. तू नाही आली तरी चालन."

लग्न ठरल्यामुळे मी नोकरी सोडली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरी गोष्ट अशी की त्या एका सकाळी साहेबांनी आम्हां दोघांनाही पाहून घेतलं, आणि मुलगा पसंत केला!