भंडाऱ्यातले फोटो

न्हावऱ्याचे ज्ञानू कोळपे लग्नाचे फोटो काढून पोट भरायचे, पण खरी हौस ढोल वाजवणाऱ्यांचे फोटो काढायची. १९९८ साली गावातले नावाजलेले ढोलवाले बिरूमामा यांचा पाय ट्रॅक्टरखाली सापडला. ऑपरेशनला पैसे कमी पडत होते. बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजताना फोटो काढायचे, ते विकायचे आणि सगळे पैसे मामांना द्यायचे, असं ज्ञानूंनी ठरवलं.

जत्रेत ढोल घुमू लागले तसे ज्ञानू थेट रिंगणात घुसले. लोक मुठीमुठीने भंडारा उधळत होते. हवेतल्या हळदीवर फ्लॅश पडत राहिला. शिरूरहून फोटो धुऊन आले, तर त्यांत नुसता पिवळा ढग! कुठं ढोलाची कड दिसत होती, कुठं वर गेलेला हात.

"वाया गेलं समदं," ज्ञानू देवळाच्या पायरीवर बसून म्हणाले. "तोंडच दिसत न्हाई, तर घेनार कोन?"

मामांच्या बायकोने, बानूबाईंनी, एक फोटो उचलून कपाळाला लावला. "तोंडं काय भावजी, रोजच बघतुया की! ह्यात भंडारा हाय. मी देव्हाऱ्यात लावनार."

"मलाबी द्या एक," शेजारचे दगडोबाआबा म्हणाले.

मग घरोघरचे लोक आले. फोटो संपले, ज्ञानूंनी पुन्हा धुऊन आणले. रोलचा, धुलाईचा खर्च त्यांनी स्वतः सोसला. मामांचं ऑपरेशन पुण्यात झालं.

पुढच्या जत्रेत मामा ढोल घेऊन उभे राहिले. ज्ञानूंनी कॅमेरा डोळ्याला लावताच लोक ओरडले, "आरं थांबा, आधी भंडारा उधळू द्या, मग काढा!"