मोजलेला घास

मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला देवराम ठाकुर्लीच्या खोलीत एकटाच राहायचा. बायको, हौसाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा उत्तम बडोद्याला. त्याचं पत्र दिवाळीला येई, तेही सुनेच्या अक्षरात. एकट्यापुरतं शिजवायचं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचं, याचा देवरामला मनापासून कंटाळा आला होता. त्यामुळे सत्त्याण्णव साली ठाण्याच्या एका डॉक्टरांनी तेलातुपाचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो ते तपासायला साठीतली धडधाकट माणसं मागितली, तेव्हा हा पहिल्याच दिवशी जाऊन उभा राहिला. विज्ञानाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तीन मंगळवार कुणीतरी वाढणार, एवढंच त्याने ऐकलं होतं.

जायचं उपाशी पोटी. तपासणी करणारी शीला हाताला पट्टा बांधायची, पाच मिनिटं आवळून सोडायची. अडलेलं रक्त सुटलं की शीर किती फुलते, ते पडद्यावर मोजायची. मग पुरी, भाजी, शिरा. एकदा तुपातलं, एकदा डालड्यातलं, एकदा शेंगतेलातलं. कुठलं कशातलं ते सांगायचं नाही असा नियम होता, पण देवरामच्या नाकापुढे नियमाचं काय चालणार? चार तासांनी पुन्हा पट्टा.

“जड जेवणानंतर शीर थोडा वेळ आळसावते, काका. हवी तेवढी फुलत नाही,” शीला म्हणाली.

“जेवल्यावर जो तो आळसावतो. एकट्या शिरेला कशाला नावं ठेवता?”

ती हसली. दर तासाला येऊन ती विचारायची, “कसं वाटतंय?” हा प्रश्न तिच्या फॉर्मवर छापलेला आहे, हे त्याला दिसत होतं. तरी उत्तर द्यायला तो खुर्चीत सरळ बसायचा. घरी त्याला हे कोण विचारणार होतं?

पहिल्याच मंगळवारी घोटाळा झाला. हौसाबाई गेल्यापासून पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायची देवरामची रीत. इथेही त्याने पुरीचा तुकडा रुमालात बांधला. रुमालाला तेल फुटलं आणि शीलाने पकडलं. पुऱ्या वजन करून वाढलेल्या होत्या.

“चुकलं माझं,” देवराम ओशाळून म्हणाला. “बायकोचा घास होता.”

डॉक्टरांनी ते जेवण बाद केलं आणि एक मंगळवार वाढवला. पुढच्या वेळी शीलाने ताटाशेजारी न सांगता एक वाटी ठेवली. तिच्यात न मोजलेली अर्धी पुरी होती. “ही काकूंची,” ती म्हणाली. देवरामने वाटी ताटाजवळ ओढून घेतली आणि मगच पहिला घास घेतला.

पण मंगळवार काय, एकामागून एक येतात आणि सरतात. चौथा आला. शेंगतेलाच्या पुऱ्या होत्या. देवराम एरवीपेक्षा सावकाश जेवला. शेवटचा घास उरला तेव्हा शीलाने पाठ फिरवली आणि त्याने तो रुमालात सारला. जेवण बाद झालं की मंगळवार वाढतो, हे त्याला आता पाठ झालं होतं.

ती वळली. तिने ताट पाहिलं, रुमाल पाहिला, वाटी पाहिली.

“काका, काकूंचा घास तर वाटीत आहे. मग हा कुणाचा?”

साठीचा माणूस चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा खाली बघत बसला.

“पुढच्या मंगळवारचा,” तो म्हणाला.

शीलाच्या हातात फॉर्म होता. तिने तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसली.

“पुढचा मंगळवार नाहीये, काका. आज संपतंय आमचं काम. खा तो, मोजलेला आहे.”

देवरामने रुमाल उलगडला आणि तो गार घास तोंडात घातला. तो चावत राहिला, कितीतरी वेळ चावत राहिला, कारण गिळला की जेवण संपणार होतं.