काकांची जय्यत तयारी

माझ्या मावशीच्या यजमानांइतक्या, म्हणजे काकांइतक्या आतुरतेने संकटाची वाट पाहणारा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला नसेल. चार ढग जमले की त्यांची लग्नघरातल्या करवलीसारखी लगबग सुरू व्हायची. शाहूपुरीत त्यांचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आणि मागच्या उताराच्या गल्लीत घर. मी कॉलेजसाठी गडहिंग्लजहून त्यांच्याकडे राहायला आलो, नोकरीही इथेच लागली आणि पुढची बारा-तेरा वर्षं मी त्यांच्या पथकात बिनपगारी शिपाई म्हणून काढली.

याला कारण घडलं होतं. नव्वदीच्या सुरुवातीची ती रविवारची दुपार. मटणाचं जेवण झालेलं, मावशी, तिची छोटी सुमी आणि मी गाढ झोपलेलो. काका रेडिओवर क्रिकेट ऐकत होते. जमीन हलली, मांडणीवरची भांडी वाजली आणि काका रेडिओ पोटाशी धरून गल्लीत सगळ्यांच्या आधी हजर! कुणीतरी स्कोअर विचारला, तोही त्यांनी सांगितला. मग शेजारी म्हणाले, "आन् वयनी कुठायत? पोरगी?" काकांचा चेहरा खर्रकन उतरला. धक्का एवढासा होता की आम्ही कूससुद्धा बदलली नव्हती. आम्हाला बातमी चहाच्या वेळी गल्लीकडून कळली. मावशीने एवढंच विचारलं, "रेडिओला कुठं लागलं न्हाय न्हवं?" गल्ली महिनाभर हसली. काका हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या डावाला मी सगळ्यांत शेवटी बाहेर पडणार. बघच तू."

तेव्हापासून घराचं गोदाम झालं. पाच ट्रंका, तीन बॅटऱ्या, विहिरीला पुरेल एवढा दोर, वाळूच्या बादल्या आणि डबे भरभरून भडंग. गळ्यात कायम शिट्टी. लग्नाला गेले की अक्षता हातात घ्यायच्या आधी कार्यालयाचं मागचं दार शोधायचे. एकदा नात्यातल्या मुलीसाठी उचगावला स्थळ बघायला गेलो होतो. मुलाचे वडील शेती, म्हशी, पगार सगळं सांगून दमले, तर काकांचा एकच प्रश्न: "जिना लाकडी हाय की शिमिटाचा?" लाकडी निघाला. स्थळ तिथेच बारगळलं आणि परतताना मुलीची आई एसटीत मुद्दाम काकांपासून लांब जाऊन बसली.

आणि दर रविवारी सराव! शिट्टी वाजली की असू तसं कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली जमायचं. मी एकदा अर्धी दाढी करून गेलो. काका सगळ्यांत शेवटी दाराबाहेर पडायचे, तेही मागे वळून वळून बघत. एका रविवारी मावशी रश्श्याला फोडणी देत असताना शिट्टी झाली. ती पळी घेऊनच बाहेर आली. "आदी ग्यास बंद करू का आदी पळू? काय ते एक सांगा." काकांनी दोन दिवस विचार केला. शेवटी मावशीनेच निकाल दिला. "अवं, पाच ट्रंका कोण उचलणार हाय? आदी ग्यास बंद. सराव वर्षातनं दोनदा. आन् तयारी एका पिशवीत मावंल तेवढीच. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माणूस. तिसरा हात हाय का कुणाला?" काका दोन दिवस रुसले, मग मुकाट्याने एक पिशवी भरली. कागदपत्रं, औषधं, बॅटरी, थोडं भडंग. बाकीचं भडंग पाहुण्यांनी संपवलं. घरात चालायला जागा झाली.

मग त्या मोठ्या पुराच्या साली पाणी खरोखरच आलं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी होतं, दहापर्यंत चार पायऱ्या चढून आमच्या उंबऱ्याला लागलं. मावशीने शांतपणे गॅस बंद केला. आम्ही माणसं न्यायला आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो. काकांनी पिशवी खांद्याला अडकवली, कुलूप लावलं आणि वळले, तर समोरच्या घरातल्या आजी दारातच बसलेल्या. लेक-सून गावाला, गुडघे धरलेले. "मी न्हाय येत, मला कोण उचलणार?" म्हणत होत्या. आजींचं वजनही चांगलंच होतं. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ पावणं, चला की! पाणी चढालंय!" काकांनी पिशवी त्यांच्या ओट्याच्या कठड्यावर ठेवली, आजींना दोन्ही हातांनी उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यातून धापा टाकत आले. आजींना वर घेतलं, मग काका चढले. सगळ्यांत शेवटी.

पूरग्रस्तांची सोय केलेल्या शाळेत पोहोचल्यावर मावशीने विचारलं, "पिशवी कुठाय?"

"ऱ्हायली की गं," काका म्हणाले आणि खाली मान घालून बसले. बारा वर्षांची तयारी आणि अंगावरच्या ओल्या कपड्यांखेरीज जवळ काही नाही! मला वाटलं, आता मावशी काहीतरी लागेल असं बोलणार. तिने पदराने त्यांचं डोकं पुसलं. "ऱ्हाऊ दे. माणसं आली न्हवं सगळी?" काका तिथेच सतरंजीवर आडवे झाले आणि भर दुपारी, त्या सगळ्या गलक्यात, घोरायला लागले. मावशी उशाशी बसून होती. कुणी मोठ्याने बोललं की हात करून गप्प करायची.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे, तिथे पाणी यायचा प्रश्नच नाही. तरी पाऊस लागून राहिला की मी बायको-मुलांना उगाच हाका मारतो. सगळी घरातच असतात. मी एकेकाला मोजतो आणि काकांसारखा सगळ्यांत शेवटी अंथरुणाला पाठ टेकतो.