आत असलेल्याला हाक मारायची न्हाय

सिद्धाराम माझा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या आधीपासनं तेरखेड्याला फटाक्यांच्या शेडात कामाला. भुईनळ्यात दारू भरायला त्याच्यासारखा हात न्हवता कुणाचा. आन् तोंड? तोंड लई वाईट. मोबाईल घिऊन कुणी शेडाच्या पायरीवर जरी चढलं, तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

आमच्याकडं एक रीत हाय. माणूस आत दारू भरीत बसला आसंल तर भायेरनं त्याला हाक मारायची न्हाय. घरी कुणी मेलं तरी. लिंबाखाली गप बसायचं, तो आपणहून भायेर येईस्तवर. दचकलं की हात हलतो, कुठंतरी घासतो, आन् मंग शेड बी न्हाय आन् माणूस बी न्हाय. आमची आई गेली तवा म्या त्या लिंबाखाली पदर तोंडात कोंबून बसले हुते. सिद्धाराम भायेर आला, त्यानं हात धुतले, मंग सांगितलं.

त्याची एकुलती एक लेक शिवप्रिया. पोरगी हुशार निघाली. लई शिकली आन् पुण्याच्या पलीकडं, आभाळाकडं तोंड करून ठेवलेल्या परातीसारख्या मोठाल्या अँटेना हायेत, तिथं कामाला लागली. म्या विचारलं, "दुर्बिणीला डोळा लावून बसतीस का गं दिवसभर?"

हसली. म्हणली, "आत्या, डोळ्याला दिसतो तो उजेड लई थोडा. त्याच्या अलीकडं-पलीकडं बी किरण असत्यात. एखादा तारा फुटला की आदुगर गॅमा किरणांचा भपका येतो, मंग एक्स-रे, मंग साधा उजेड. आन् समद्यात शेवटी, कधी कधी तर आठवड्यांनी, रेडिओच्या लहरी. त्या आमी धरतो. मोबाईल तिथं बंद ठेवावा लागतो, न्हायतर त्याच्या कलकलाटात ताऱ्याचं काय कळतच न्हाय."

सिद्धाराम शेजारीच बसला हुता. त्यानं एवढंच धरलं: तारा फुटतो, किरण येत्यात, मोबाईल बंद. त्याला वाटलं पोरगी आपल्याच धंद्यात गेली, आपल्यापेक्षा मोठ्या शेडात. छाती फुगली त्याची, आन् जीव बी टांगणीला लागला. दर खेपेला फोनवर सांगायचा, "शिवा, सुती कापडं घाल गं. नायलॉनचं काय बी नगं, घासून ठिणगी उडती." ती "व्हय अप्पा" म्हणायची. बापाचं मन कशाला मोडायचं, म्हणून.

गेल्या थंडीत सकाळी च्या पिता पिता सिद्धाराम छातीला हात लावून खाली बसला. धाराशिवला दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणले, कुणाला बोलवायचं आसंल तर आत्ताच बोलवा. इरम्मानं, त्याच्या बायकूनं, पोरीला मोबाईल लावला. बंद. कामावर हुती ती. पण लईच नड आली तर म्हणून पोरीनं तिथल्या हापिसातल्या फोनचा नंबर दिऊन ठेवला हुता. इरम्मा तो लावाया लागली, तर ह्यानं तिचं मनगट धरलं.

"आत हाय ती," म्हणला. "हाक मारू नगं."

"आरं मेल्या, आता तरी गप बस!" म्या वरडले. "लाव गं इरम्मा!"

"अक्का, दचकंल ती. किरणं हायेत तिथं. येऊ दे आपणहून भायेर."

आन् आमी ऐकलं. ऐकणारच की. आमा दोघींची बी हयात शेडातच गेलेली. दिवसभर तो दाराकडं बघत पडला. नर्स आली तरी मान उचलायचा. "सुटली का गं पोरगी?" विचारायचा. जीव तुटत हुता नुसता त्याचा. दिवस बुडायच्या जरा आदी गेला.

शिवप्रिया संध्याकाळी कामावरनं भायेर आली, मोबाईल चालू केला, तवा तिला कळलं. सकाळी तेरखेड्यात पोचली. माती द्यायची तिच्यासाठीच थांबवली हुती. आमच्या रीतीपरमाणं सिद्धारामला भिंतीला टेकून बसवलं हुतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. म्या पोरीला समदं सांगितलं, काय बी न लपवता.

तिनं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "आत्या, तिथं फुटण्यासारखं काय बी न्हाय गं. फुटतो तो तारा, आन् तो बी आपल्या जल्माच्या कितीतरी आदी फुटलेला. म्या काल दिवसभर खुर्चीत बसून हुते, कंप्युटरपुढं. च्या प्याले, शेंगा खाल्ल्या. एक फोन केला असता तर दिवस बुडायच्या आत अप्पापशी असते."

माझ्या तर अंगाची आग आग झाली. कुणावर चिडू? त्या हट्टी गाढवावर, का ह्या शिकलेल्या पोरीवर, जिनं बापाला एकदा बी नीट समजावलं न्हाय? कुणावरच चिडता येईना, म्हणून रडले.

पोरगी बापाच्या म्होरं जाऊन हुबी राह्यली. ल्हानपणी ती बी त्याच लिंबाखाली बसून त्याची वाट बघायची, दप्तर मांडीवर घिऊन, गप. कवा हाक मारली न्हाय तिनं. आता मारली.

"अप्पा!"

सारं गाव ऐकंल अशी वरडली. पुन्ना वरडली, "अप्पा!" अंगणात बसलेले शेडातले जुने गडी समदे दचकले. एकटा सिद्धाराम दचकला न्हाय.